भोकाची भाकरी

(कडक भाकरी करून विकणाऱ्या कस्तुराबाईंनी सोलापुरात, त्यांच्या चुलीपुढे बसून सांगितलेलं)

बसा ताई, तो पाट घ्या, तिकडं धूर येतोय, हिकडं सरका. त्या पार्टीला भाकरी पार्टी का म्हणतात ते तुमी इचारता, ते मला ठावं हाय, पर मी ते असं मदनंच तोडून सांगणार न्हाय. मला कामाचं एक वळण हाय. आदी पीठ चाळायचं, मंग पाणी तापवायचं, मंग मळायचं, मळायच्या आदी तवा ठेवून बसलं की सगळं जळतं. तसं आदी माजं गाव, मंग माजी सासू, मंग दुष्काळ, आन् मंग ती भाकरी. कुणी गिऱ्हाईक आलं तर मी उठंन, पर परत जिथं सोडलं तिथनंच धरंन, तुमी काळजी करू नका.

माजं माहेर अक्कलकोटच्या पल्याड, हद्दीवरचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत दोन्हीचा गोंधळ, म्हणून मी शाळेत फार दिवस काय टिकले न्हाय. आमी लिंगायत, वडलांची कोरडवाहू जमीन, दावणीला बैलजोडी. बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, आई कडबोळी करायची, मदी भोक असलेली, आन् वडील ती बैलांच्या शिंगात घालायचे, गळ्यातबी माळ करून बांधायचे. गावातनं मिरवणूक निघाली की आमी पोरंपोरी बैलाच्या शिंगातलं कडबोळं ओढून घ्यायला धावायचो, ज्याला मिळालं त्यानं मोडून सगळ्यांना तुकडा द्यायचा. आई म्हणायची, वर्सभर बैलानं आपल्याला घातलं, आज आपण बैलाला घालायचं, आन् बैलाच्या अंगावरचं परत आपण खायाचं, भुईवर एक तुकडा पडू द्यायचा न्हाय. अन्नाला भोक मी पहिल्यांदा बघितलं ते तितं, बैलाच्या शिंगात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

लगीन होऊन सोलापूरला आले. मालक मिलमधी साच्यावर, कापड विणायला. आमची गल्ली म्हंजे अर्धी मिलवाल्यांची, अर्धी मागवाल्यांची, भोंगा झाला की एक गल्ली बाहेर पडायची आन् एक गल्ली आत यायची. सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. माजी अत्ती, काय सांगू तुमाला, अंगानं काडी, पर तिच्या हाताखाली काम करायचं म्हंजे फौजदाराच्या हाताखाली काम करायचं. कडक भाकरी मला तिनं शिकवली. माहेरी मऊ भाकरी आमी रोज करायचो, पर ही सोलापूरची पापडावाणी पातळ, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून सगळं पाणी उडवायचं, मंग चुलीच्या कडंला उभी करून शेकायची, तवा ती महिनाभर टिकती आन् मोडली की कडकन आवाज देती. आवाज न्हाय आला तर अत्ती ती भाकरी बाजूला ठेवायची आन् म्हणायची, ही मुकी झाली, ही आपण खायाची, बोलकी ती गिऱ्हाइकाची.

भाकरीचे तिचे नेम लई. तव्यावरची भाकरी मोजायची न्हाय. ताटात उलटी ठेवायची न्हाय. वरनं पाय जाऊ द्यायचा न्हाय, पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावायचा. दुपारी भोंगा झाला की ती पाटावर बसायची आन् म्हणायची, रोट्टी कोडु. भाकरी दे. बास, एवढंच. गोड झाली म्हणायची न्हाय, वाईट झाली म्हणायची न्हाय, पर माज्या हातची खायाची, दुसऱ्या कुणाच्या हातची तिला चालायची न्हाय. शेजारणी मला म्हणायच्या, कस्तुरा, तुजी सासू तुज्यावर जीव टाकती. मी म्हणायची, तिनं कवा बोलून दावलं न्हाय बाई. तर त्या म्हणायच्या, रोज जेवती की, आणखी काय बोलायचं.

आता दुष्काळ. बाहत्तरचा. तुमी त्यावेळी लहान असाल. आमच्याकडची ज्वारी म्हंजे पांढरी, मंगळवेढ्याची मालदांडी, पीठ मळलं की हाताला लोण्यावाणी लागायची. ती बाजारातनं गेलीच. रेशनवर यायला लागली तांबडी, बाहेरच्या देशातनं आलेली, मिलो म्हणायचे. डुकराला घालतात म्हणे तिकडं. तिचं पीठ म्हंजे वाळू, थापायला घेतलं की कडा फाटायच्या, उकळत्या पाण्यात उकड काढल्याबिगर ते एकमेकाला धरायचंच न्हाय. आन् भाकरी झाली की रंग विटेवाणी. अत्तीनं पहिल्यांदा बघितली तवा हात लावून म्हणाली, ही भाकरी हाय का कौल हाय? पर खाल्ली. म्हणाली, पोटाला रंग दिसत न्हाय.

आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांची माणसं तवा मंगळवेढ्याकडं खडी फोडायच्या कामावर हुती. गावाकडची शेती बसलेली, भाऊ, दीर, चुलते सगळे तितं. तितं चूल पेटवायला लाकूड न्हाय, पाणी टँकरचं. म्हणून गल्लीत ठरलं की हितनं कडक भाकरी करून पाठवायची, ती टिकती. हे ठरवणारा माणूस म्हंजे शंकरआप्पा.

शंकरआप्पाचं सांगते. आमच्याच गल्लीतला, आदी मिलमधी जॉबर हुता, म्हंजे कामगारांवरचा मुकादम, कशावरनं तरी भांडून बाहेर पडला. बोलायला लई गोड आन् लई मोठ्यानं. नळाला पाणी न्हाय आलं की हाच बायकांना घेऊन म्युनिसिपालटीत जायचा, घागरी वाजवायचा, पाणी आणायचा बी. मी खोटं सांगणार न्हाय, त्यानं पाणी आणलं हाय. त्यानं आन् चारचौघांनी मिळून एक मंडळ काढलं हुतं, त्याचं कागदावरचं नाव एवढं लांबलचक की माज्या तोंडात ते कवा बसलंच न्हाय. त्याची आई निलव्वा अत्तीची जोडीदारीण, दोघी एका जात्यावर दळायच्या. निलव्वा दुष्काळाच्या आदीच गेली. तिला माती दिली तवा अत्तीनं आपल्या हातानं तिच्या तोंडात पाणी घातलं हुतं, म्हणून शंकरआप्पा अत्तीला मानायचा, आमच्या घरात चपला काढून यायचा.

तर तो आला, आन् म्हणाला, कस्तुराबाई, भाकऱ्या करायच्या, पर प्रत्येकीच्या मदी एक भोक ठेवा. मी म्हटलं, आँ? भोक कशाला? तर म्हणाला, तितं पालात उंदीर लई, मुंगळे लई, गठुडं खाली ठेवलं की सकाळी भुगा. सुतळीत ओवल्या की पालाच्या दांडीला टांगता येतील, ज्याला पायजे त्यानं एकेक काढून खावी. मी म्हटलं, वाळल्या भाकरीला भोक पडत न्हाय, पिचकती. तो म्हणाला, म्हणून तर आदीच सांगायला आलो. खरंच हुतं ते. कडक भाकरीला भोक पाडायचं तर ते पीठ ओलं असतानाच, तव्यावर जायच्या आदी. मला ती गोष्ट पटली बघा ताई. मला अशी नीट लावलेली गोष्ट लई पटती. उंदीर न्हाय, मुंगळे न्हाय, एका दोरीला सगळं, मोजायला नको, बांधायला नको. माज्या डोळ्यापुढं आमच्या बैलांची शिंगं आली. अत्ती त्यावेळी रेशनच्या रांगेत हुती. ती घरात असती तर तिनंबी ऐकलं असतं आन् पुढचं काहीच झालं नसतं.

गल्लीतल्या बायकांनी वाटीवाटी पीठ दिलं. आपल्याच पोरांच्या तोंडचं हो, रेशनचं पीठ ते, कुणाकडं वरकड नव्हतं. अत्तीनं आपल्या वाटणीचं दिलं आन् ती एक वेळचं जेवण सोडून बसली. मी मागवाल्यांकडनं सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी मागून आणली, धुऊन घेतली, आन् एकेक भाकरी थापायची, मदी कांडी दाबायची, की गोल भोक. अत्ती बघत हुती. म्हणाली, हे काय ग? मी म्हटलं, टांगायला, उंदरापास्नं. तिनं त्या भोकातनं निघालेल्या टिकल्या गोळा करून परत पिठात मळल्या, एकबी वाया जाऊ दिली न्हाय.

ज्या दिवशी भाकऱ्या घेऊन मंगळवेढ्याला गाडी निघणार हुती त्या दिवशी आमी सगळ्या रस्त्यावर गेलो. अत्तीनं तिखटाची एक बरणी घेतली हुती, कुठनं तरी मूठभर शेंगा पैदा करून केलेली, भाकरीबरोबर द्यायला. बघते तर गाडीबिडी काय न्हाय, रस्त्याला पोलीस, दोन्ही बाजूला माणूस, आन् शंकरआप्पा पांढरी टोपी घालून मदी उभा. कुणी मोठे साहेब दुष्काळाची पाहणी करायला आले हुते, त्यांच्या जीपा त्या रस्त्यानं जाणार हुत्या. मी इचारलं, आप्पा, गाडी कुटं हाय? तो म्हणाला, हितंच येती की, थांबा.

जीप आली, लोकांनी अडवली. साहेब उतरले. आन् शंकरआप्पानं पोत्यातनं भाकऱ्यांची माळ काढली, माज्या भाकऱ्या, ओवलेल्या, तांबड्याभडक, आन् ती साहेबांच्या गळ्यात घातली. मोठ्यानं म्हणाला, साहेब, फुलं करपली, आमच्याकडं आता हेच हाय, आमी हे खातो, तुमी एक दात लावून दावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. म्हातारी माणसं हसत हुती, लई दिवसांनी हसत हुती. साहेबबी हसले. फोटो निघेपतूर त्यांनी माळ गळ्यात ठेवली, मंग काढून बाजूच्या माणसाकडं दिली, त्यानं ती जीपच्या पुढं कुठंतरी अडकवली. जीप निघाली, सुतळी तुटली, आन् भाकऱ्या खाली. मागनं आणखी जीपा हुत्या, त्या वरनं गेल्या.

तो आवाज, ताई. मी तुमाला सांगितलं न्हाय का, चांगली भाकरी मोडली की कडकन बोलती. सगळ्या बोलल्या. माजी एकबी मुकी निघाली नव्हती.

लोक अजून टाळ्या वाजवत हुते. आन् अत्ती रस्त्यात गेली. बरणी मांडीशी धरून खाली बसली आन् धुळीतनं तुकडे वेचून पदरात घालायला लागली. पोलीस म्हणाला, आज्जी, बाजूला व्हा. ती झाली न्हाय. तिच्या मागं दोन-तीन बायका गेल्या, मंग मी गेले. मी तिच्या शेजारी बसून वेचायला हात घातला तर तिनं माजा हात बाजूला सारला. नुसता सारला, जसं ताटावरनं माशी सारतात.

घरी आल्यावर तिनं ते तुकडे पाखडले, धूळ काढली, पाण्यात भिजवले आन् शेजारच्यांच्या शेळीला घातले, माणसाला घालायसारखे उरलेच नव्हते. मी दुपारी पाट मांडला, ताट वाढलं. ती बसली न्हाय. म्हणाली, तुज्या हातची नको. मी म्हटलं, अत्ती, मला काय ठावं, मला टांगायला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, वाळल्या भाकरीला भोक पडत न्हाय कस्तुरा. भोक कच्च्यात पाडलं. आदी ठरवून पाडलं. बैल नांगर ओढतो, त्याच्या गळ्यात घातलं तर ते पोराच्या तोंडात जातं. ह्यानं काय ओढलं? तू माज्या गल्लीचं अन्न जीपखाली घातलं.

कच्च्यात पाडलं ते खरं. आदी ठरलं हुतं तेबी खरं. फकस्त मला जे सांगितलं हुतं ते दुसरं हुतं, आन् ते माज्याबिगर ठावं असलेलं माणूस एकच, शंकरआप्पा.

त्या दिवसापास्नं अत्ती आपली भाकरी आपण करायला लागली. हात थरथरायचा, तवा हलायचा, कडा जळायच्या, पर करायची. मालकांना मी म्हटलं, तुमी तरी सांगा. ते म्हणाले, मी तुमा दोघींच्या मदी जात्याचा खुंटा हाय, मला फिरवू नका. गल्लीत सगळ्यांना कळलं. सोलापुरात सून-सासू भांडतात, त्याचं कुणाला काय न्हाय, पर सासू सुनेच्या हातचं खात न्हाय म्हटल्यावर लोक वेगळंच बघतात. माज्याकडनं भाकरी नेणारी काही घरं तुटली. एक बाई तोंडावर म्हणाली, घरचीच खात न्हाय, आमी कशाला?

आन् तिकडं शंकरआप्पाचं चांगलं झालं. दुसऱ्या दिवसापास्नं सगळ्या शहरात एकच, भाकरीची माळ घातली ते हे. त्या मंडळाचं लांबलचक नाव कोण घेतो? भाकरीवाले आले, भाकरीवाले गेले, असं करत करत भाकरी पार्टी झालं. पुढं म्युनिसिपालटीची निवडणूक लागली, तवा त्यांना चिन्ह मिळालं शिडी का काय तरी, तर बायका मतदानाला जाऊन इचारायच्या, भाकरीवर शिक्का मारायचाय, भाकरी कुटं हाय ह्यात? विरोधातले चिडवायचे, भोकाची भाकरी, भोकाची भाकरी, ह्यांच्या भाकरीतनं आरपार दिसतं. चावडीपुढं पोरं ओरडायची, भाकरी दावा, मत घ्या. तर शंकरआप्पा वरनं म्हणायचा, व्हय, भोकाचीच हाय, त्या भोकातनं आमाला गरिबाचं घर दिसतं. टाळ्या पडायच्या. बोलणं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. निवडून आला.

मी त्याला गाठला. म्हटलं, आप्पा, माजं एक काम करा. घरी या आन् अत्तीला सांगा, भोक टांगायला म्हणून पाडायला लावलं, कस्तुराला दुसरं काय ठावं नव्हतं. एवढंच सांगा. तो म्हणाला, येतो की, त्यात काय, उद्याच येतो. परत गाठला, म्हणाला, सभा हाय. परत गाठला, म्हणाला, कस्तुराबाई, तुमी त्या भाकरीचा अभिमान धरायचा सोडून हे काय घेऊन बसलात? मी म्हटलं, अभिमान तुमी धरा, मला माजी सासू जेवायला पायजे.

मंग आणीबाणी आली, तो काही दिवस दिसलाच न्हाय, कुणी म्हणे आत हाय, कुणी म्हणे पाहुण्यांकडं लपलाय. ती उठल्यावर बाहेर आला तो आणखी मोठा होऊन. आता त्यांच्या मिरवणुकीत पुठ्ठ्याच्या भाकऱ्यांची माळ असायची, तांबडा रंग दिलेल्या. आन् लाऊडस्पीकरवर नवीन गोष्ट. दुष्काळात आप्पांच्या आईनं, माउलीनं, स्वतः उपाशी राहून शेवटची भाकरी थापली, तिला भोक पाडलं, आन् म्हणाली, लेकरा, ही सरकारच्या गळ्यात घाल. मी हितं, ह्या चुलीपुढं बसून ते ऐकलं, रिक्षा गल्लीतनं फिरत हुती. माज्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली, जळाली. मला त्याचं काय वाटलं न्हाय हो की माजं नाव न्हाय घेतलं. नावाचं काय करायचंय. पर उपाशी राहिली हुती ती अत्ती. पीठ तिचं.

अत्तीला त्यावेळी कमी दिसायला लागलं हुतं, ऐकायलाबी कमी. रिक्षा ओरडून गेली, तिला काय कळलं न्हाय. हातात तर जोरच राहिला नव्हता. भाकरी थापायला बसायची, पीठ परातीत नुसतं फिरवायची, आन् उठायची. चुरमुरे पाण्यात भिजवून खायाची, शेजारीण पेज आणून द्यायची ती प्यायची. मी रोज दुपारी पाट मांडायची, ताट वाढायची, आन् ताट झाकून ठेवायची. माज्या घरात मी सगळ्या जगासाठी भाकऱ्या करते, आन् म्हातारी शेजारणीची पेज पिती. ती अशीच गेली तर मी तोंड कुटं दावायचं, हे एकच माज्या डोक्यात फिरायचं.

तशात परत निवडणूक आली. गल्ली शंकरआप्पावर नाराज हुती, नळाला पाणी न्हाय, गटार तुंबलेलं. गल्लीतली म्हातारी माणसं अत्तीला मानायची. म्हणून एक दिवस तो आपणहून माज्या दारात. म्हणाला, कस्तुराबाई, अत्तींचा आशीर्वाद घ्यायचाय, चार माणसं येतील, एक फोटो काढू. मी म्हटलं, या. पर सगळ्यांपुढं ते भोकाचं सांगायचं. न्हायतर उंबरा चढू नका. तो म्हणाला, सांगतो, निलव्वाची आण.

आला. चार न्हाय, दारात मावंनात एवढे. फोटोवाला, पुठ्ठ्याची माळ, गुलाल. अत्ती भिंतीला टेकून बसलेली. तो पाया पडला, म्हणाला, अत्ती, मी शंकर, निलव्वाचा. अत्तीनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. म्हणाली, वाळलास रं. सगळे हसले, कारण तो चांगला जाडजूड झालेला. मंग मी त्याच्याकडं बघितलं. तो माज्याकडं बघेना. मला वाटलं, गेलं हेबी. तवा मीच तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, अत्ती, ह्यांना इचारा, भाकरीला भोक कुणाच्या सांगण्यावरनं पडलं.

अत्तीनं मान वर केली. म्हणाली, सांग रं शंकर, कुणी पाडलं?

घरात सगळी त्याची माणसं, रोज लाऊडस्पीकरवर तीच गोष्ट सांगणारी. फोटोवाल्यानं कॅमेरा वर धरलेला. त्यानं एकदा त्या कॅमेऱ्याकडं बघितलं. आन् मंग तो त्याच्या सभेच्या आवाजात म्हणाला, माझ्या आईनं, अत्ती. माझ्या आईनं आपल्या हातानं पाडलं.

अत्तीनं कान पुढं केला. मला वाटलं, ऐकू आलं न्हाय. मंग ती म्हणाली, निलव्वानं?

तो म्हणाला, व्हय.

अत्ती म्हणाली, निलव्वा लई पातळ थापायची. माज्यापरास पातळ. मंग म्हणाली, पर शंकर, तिच्या तोंडात पाणी मी घातलं. तिला माती देऊन आल्यावर मला हौदावर तूच पाणी ओतलंस. तवा आभाळ भरलेलं हुतं, दुष्काळ कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मातीतनं उठून आली हुती का रं ती, भोक पाडायला?

मागं एकजण फिसकन हसला, त्याला दुसऱ्यानं कोपर मारलं. शंकरआप्पा म्हणाला, अत्तींचं वय झालं, ध्यानात राहत न्हाय आता. अत्ती म्हणाली, व्हय बाबा, माजं वय झालं. तुज्या आईचं वय तेवढं वाढंना, मेली तरी भाकऱ्या थापतीया. जा आता. गुलाल भुईवर सांडू नका, कस्तुराला झाडावा लागतो.

ते गेले. फोटो निघालाच न्हाय. मी दार लोटलं आन् भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्यानं मला हवं ते सांगितलं न्हाय, एक अक्षर सांगितलं न्हाय. माजी आशा संपली असंच मी धरलं. मालक कोपऱ्यात विडी हातात धरून बसले हुते, ती पेटवायचं विसरून.

मंग अत्ती म्हणाली, जो मेलेल्या आईच्या हातात खोटं देतो, तो जित्या बाईच्या हातात देणार न्हाय का? मला म्हणाली का आपल्याशीच म्हणाली, मला कळलं न्हाय. आन् भिंतीला हात लावत उठली, पाटापतूर आली, बसली.

रोट्टी कोडु, म्हणाली.

मी म्हटलं, मऊ करून देऊ का, तुमाला दात न्हायत. ती म्हणाली, नको, आवाज ऐकायचाय. मी कडक दिली. तिनं दोन्ही हातांनी धरली, अंगठे मदी लावले, मोडायला जोर पुरेना, मी हात पुढं केला तर म्हणाली, थांब. मोडली. कडकन. मंग आमटीत बुडवून ठेवली, भिजली तसा एकेक घास घेतला. दोन घास झाल्यावर म्हणाली, पाणी कमी तापवलंस. मी म्हटलं, व्हय. रडू का हसू काय कळंना.

आता ह्याला फार दिवस झाले न्हायत. शंकरआप्पा परत निवडून आला, आमच्या गल्लीनंबी त्याला मत दिलंच असंल, दुसरा हाय कोण. ती गोष्ट अजून तशीच सांगतात, माउलीची. माळ पुठ्ठ्याचीच हाय, नवीन रंग दिलाय. तुमी लिहून घेताय ते छापा न्हायतर न्हाय, कुणाला बोल लावायला मी सांगत न्हाय, कुणी माज्याकडं येऊन इचारलंच नव्हतं, तुमी इचारलंत. नाव भाकरीचं घेतलंय त्यांनी, तर कवा तरी कुणाला तरी वाढतीलबी, देव तशी बुद्धी देवो, एवढंच मी म्हणते. मदी जी वर्सं गेली ती काय परत येत न्हायत. तेवढ्या दिवसांची जेवणं मी झाकून ठेवलेली, ती कुणी खाल्लीच न्हायत.

अत्ती आता अंथरुणावरच असती. त्या तिकडं, पडद्यामागं, झोपलीय. आता भोंगा होईल आन् ती उठंल बघा. रोज माज्या हातची खाती. पर अजून, ताई, भाकरी हातात घेतली की आदी मदी बोट फिरवून बघती. डोळ्याला दिसत न्हाय म्हणून बोटानं बघती, गुळगुळीत हाय का, कुटं भोक हाय का. बघू दे. बोट फिरवून झालं की मोडती, आन् खाती.